आकडा मुलांसमोर सांगा

अमेरिकेतल्या कॉलेजांकडे आर्थिक मदत मागायची तर जो अर्ज भरावा लागतो, त्यात राहत्या घराबद्दल चार प्रश्न असतात. घर कोणत्या साली घेतलं, कितीला घेतलं, आज त्याची किंमत काय आणि त्यावर कर्ज किती उरलंय. अर्ज तयार करणाऱ्यांना हे प्रश्न सरळ वाटत असणार. गिरगावातल्या कुटुंबाला त्यांची उत्तरं देताना तीन पिढ्यांचा इतिहास उकरावा लागतो.

माझी धाकटी बहीण खेतवाडीत राहते. तिच्या मुलीसाठी आम्ही हा अर्ज भरला. तिच्या आजेसासऱ्यांनी कोकणातून येऊन तिथल्या चाळीत पागडीने एक खोली घेतली. पागडी किती दिली, ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. पुढे चाळ ३३(७) खाली, म्हणजे जुन्या चाळींसाठीच्या नियमाखाली, रीडेव्हलपमेंटला गेली. मधली काही वर्षं सगळे बोरिवलीला भाड्याच्या घरात, बिल्डरच्या चेककडे डोळे लावून. मग त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांना दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर आणि घरातला संडास मिळाला. आता हे घर ‘घेतलं’ कधी, आणि कितीला? आजची किंमत विचारली तर एजंट दोन कोटी सांगतो. ज्या घरात पाच लाख रुपये एकरकमी कधी कुणी पाहिले नाहीत, त्या घराची अर्जातली किंमत झाली सव्वादोन लाख डॉलर.

माझी नोकरी बँकेतली. शेवटची बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर नात्यातल्या, ओळखीतल्या मुलांबरोबर हे परदेशी अर्ज भरायला बसते. हुशार मुलं पाहते, त्यांचे आईबाप पाहते, आणि वर्षानुवर्षं एकच गोष्ट खटकत राहते. घरात सगळं बोललं जातं. कोणतं कॉलेज, कोणता विषय, तिकडे थंडी किती, जेवणाचं काय. फक्त आपण वर्षाला किती रुपये देऊ शकतो, हा आकडा मुलासमोर कुणी उच्चारत नाही. तो उच्चारला जातो एप्रिल महिन्यात, प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर. तेव्हा तो ऐकणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

आधी आकडेच मांडते. अमेरिकेतल्या नामांकित खासगी विद्यापीठात पदवीच्या एका वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं, विमा हे सगळं धरून, आज ९० हजार डॉलरच्या आसपास आहे. हिशेबाला सोपं म्हणून डॉलर ९० रुपयांचा धरला आणि खर्च ९० हजार डॉलर, तर वर्षाचे ८१ लाख. चार वर्षांचे सव्वातीन कोटी. बहीण अनुदानित शाळेत शिक्षिका, तिचे यजमान एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न २० लाखांच्या आसपास. आपल्याकडे या घराला कुणी गरीब म्हणणार नाही. गणपतीला पाच दिवस माणसांचा राबता असतो, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला त्यांनी देणगी दिली आहे. पण २० लाख म्हणजे बावीस हजार डॉलर. हार्वर्ड आणि एमआयटी या दोघांनी २०२५ पासून असं ठरवलं आहे, की ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरच्या आत आहे आणि मालमत्ता नेहमीसारखी आहे, त्याने मुलाच्या शिक्षणासाठी काहीही द्यायचं नाही. फी नाही, राहण्याचे नाहीत, जेवणाचे नाहीत. एक लाख डॉलर म्हणजे ९० लाख रुपये. बहिणीचं घर त्या रेषेच्या कितीतरी खाली आहे.

हे सांगितल्यावर मेव्हणे म्हणाले, “ताई, आपण काय मागणारी माणसं आहोत का?”

हा प्रश्न मला अनेक बापांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. मी त्याला हसण्यावारी नेत नाही, कारण त्यामागे आयुष्यभर कुणाचं देणं न ठेवल्याचा ताठा असतो आणि तो ताठा मला आदराचा वाटतो. पण या बाबतीत तो गैरलागू आहे, असं मी ठामपणे सांगते. हार्वर्डकडे पन्नास अब्ज डॉलरांहून मोठी ठेव आहे. गेल्या कित्येक पिढ्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी, देणगीदारांनी ती उभी केली आहे, आणि तिच्या उत्पन्नातला काही वाटा मुलांच्या मदतीसाठीच ठेवलेला आहे. प्रिन्स्टनने २००१ मध्ये मदतीतून कर्ज हा प्रकारच काढून टाकला, जे द्यायचं ते अनुदान म्हणून द्यायचं ठरवलं. अर्ज करणारा तिथे हात पसरत नाही. त्याच्यासाठी ठेवलेल्या पैशाचा हिशेब तो मागतो.

मात्र सगळी कॉलेजं अशी नाहीत, आणि इथेच मुंबईतल्या पालकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. काही मोजकी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज तपासताना त्याला मदत लागणार की नाही, याकडे बघतच नाहीत. त्यांना नीड-ब्लाइंड म्हणतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही त्यातली जुनी नावं. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन त्यात आली. २०२५ मध्ये दाखल होणाऱ्या तुकडीपासून ब्राउनही आलं. एवढ्या मोठ्या देशात ही यादी दोन्ही हातांच्या बोटांवर मावते. बाकीची बहुतेक नीड-अवेअर, म्हणजे मदत लागणार का हे बघून ठरवणारी. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया ही या गटात येतात. ती मदत भरपूर देतात, प्रवेश दिला तर त्यांच्या हिशेबाने जेवढी गरज निघेल तेवढी सगळी भागवतात. पण परदेशी मुलांच्या मदतीसाठी त्यांचा निधी ठरलेला असतो. तो संपत आला की मदत न मागणाऱ्या मुलाचा अर्ज पुढे सरकतो आणि मागणाऱ्याचा मागे राहतो. सरकारी विद्यापीठांची गोष्ट आणखी वेगळी. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदत देत नाहीत. अमेरिकन केंद्र सरकारचं अनुदान आणि कर्ज आपल्या मुलांना लागू होत नाही. तरीही दरवर्षी कुणी ना कुणी बर्कलेचा प्रवेश घेऊन माझ्याकडे येतं आणि विचारतं, “काकू, आता स्कॉलरशिपचं कसं करायचं?” ते प्रवेशानंतर करता येत नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगून टाकते, कारण तिच्यामुळे मुलांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे. काही सल्लागार पालकांना सांगतात, “मदत हवी का, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून टाका. प्रवेशाची शक्यता वाढेल. नंतर मागू.” पहिला भाग नीड-अवेअर कॉलेजांपुरता खरा आहे. दुसरा बहुतेक ठिकाणी साफ खोटा आहे. अनेक कॉलेजांचा लेखी नियम असतो, की परदेशी विद्यार्थ्याने अर्ज करताना मदत मागितली नसेल तर चारही वर्षं ती मिळणार नाही. नियम त्यांच्या संकेतस्थळावर असतो, कुणीही वाचू शकतं. मोठ्या रकमा घेणारे सल्लागार तो वाचून दाखवत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला अशा सल्ल्यावर प्रवेश मिळाला, तिच्या वडिलांनी दुसऱ्या वर्षासाठी मदत मागितली, आणि उत्तरात तोच नियम आला. ती परत आली. शिक्षण अर्धवट, गावाकडची जमीन विकलेली. तिचा यात काडीचा दोष नव्हता.

नकार आलेल्या मुलांबद्दलही बोललं पाहिजे. नीड-अवेअर कॉलेज नकाराच्या पत्रात कारण लिहीत नाही. तेव्हा दहावीपासून वर्गात पहिला आलेला मुलगा ते पत्र वाचतो आणि आपण कमी पडलो असं धरून बसतो. कदाचित पडलाही असेल. कदाचित त्या वर्षी परदेशी मुलांसाठीचे पैसे त्याच्या फायलीपर्यंत पोचण्याआधी संपले असतील. त्याला हे कधीच कळणार नाही, पण दुसरी शक्यता आहे हे त्याला आधीपासून माहीत असलं पाहिजे. सतरा वर्षांच्या पोराने एका संस्थेच्या जमाखर्चाला स्वतःच्या बुद्धीचा निकाल समजून महिनोन्‌महिने झुरावं, हे मला सहन होत नाही. मी मुलांना यादी करायला बसवते तेव्हा प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे ते नीड-ब्लाइंड की नीड-अवेअर हे लिहायला लावते. नकार आला की ते पान पुन्हा उघडून दाखवता येतं.

आपल्या एचएससीच्या मुलांना आणखी अडचणी आहेत. आयबी, म्हणजे आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळेतल्या मुलाला शाळेतच समुपदेशक असतो, शिफारसपत्रं वेळेवर जातात. आपल्या ज्युनिअर कॉलेजात वर्गात शंभरावर मुलं, निम्मी क्लासमध्ये, आणि शिक्षकाला नावही माहीत नसतं. माझ्या भाचीने शिफारसपत्रासाठी शाळेतल्या गणिताच्या बाईंना गाठलं. बाईंनी आयुष्यात असं पत्र लिहिलं नव्हतं. त्यांनी आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत केलं. फार सुंदर पत्र होतं ते. शिवाय अर्ज करायलाही पैसे पडतात. सीएसएस प्रोफाइल नावाचा तो मदतीचा अर्ज पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६ डॉलर घेतो. आठ कॉलेजं धरली तर १३७ डॉलर, म्हणजे बारा हजार रुपयांच्या वर. प्रवेश अर्जाची फी वेगळी. बरीच कॉलेजं विनंती केली तर ती माफ करतात, एक सभ्य ईमेल पुरतो. मुलं संकोचाने तो पाठवत नाहीत. पाठवा.

बहिणीच्या घरी आम्ही ऑगस्टमध्येच बसलो. भाचीलाही बसवलं. मेव्हण्यांना ते आवडलं नव्हतं. “तिने अभ्यास करावा, पैशाचं आम्ही बघू,” असं त्यांचं म्हणणं. प्रेमापोटीच म्हणत होते. पण पैशाचं आम्ही बघू, या वाक्यावर विसंबून मुलं चार वर्षांचं आयुष्य ठरवतात, आणि बघणं म्हणजे नेमकं काय ते त्यांना कुणी सांगत नाही. आम्ही कागद काढले. पगाराच्या स्लिपा, रिटर्न, पीएफ, दोन एफडी, आजीच्या औषधांची बिलं, धाकट्या भावाच्या नववीच्या क्लासची फी. आईबाबांचा खरा पगार भाचीने पहिल्यांदा त्या दिवशी पाहिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “मावशी, घर गहाण ठेवायचं नाही असं धरलं तर किती?”

सहा लाख. वर्षाला सहा लाख, घराला हात न लावता, भावाचं शिक्षण न अडवता. तिने तो आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याखाली कॉलेजांची यादी नव्याने करायला घेतली. आधीच्या यादीतली पाच नावं तिने स्वतः खोडली. खोडताना रडली. पण खोडली ती ऑगस्टमध्ये, पहिल्या मुदतीला अडीच-तीन महिने हाताशी असताना. त्यांच्या जागी पूर्ण मदत देणारी, कधी नावही न ऐकलेली छोटी कॉलेजं आली.

घर गहाण ठेवण्याबद्दल मी इतकी आग्रही का, ते सांगायला हवं. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक बहुधा तारण मागते, आणि मुंबईतल्या मध्यमवर्गाकडे तारण म्हणून राहतं घर सोडून दुसरं काही नसतं. समजा साठ लाखांचं कर्ज, दरवर्षी पंधरा लाख उचलले, व्याज दहा टक्के. पहिल्या वर्षी व्याज दीड लाख, दुसऱ्या वर्षी तीन, तिसऱ्या वर्षी साडेचार, चौथ्या वर्षी सहा. मुलगी पदवी घेऊन उभी राहते तेव्हा साठाचे पंचाहत्तर लाख झालेले असतात, आणि हप्ता अजून सुरूही झालेला नसतो. पंधरा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता ऐंशी हजारांच्या आसपास. सहकर्जदार आईवडील. मी टेबलावर बसायचे तेव्हा फॉर्मवर वडिलांची जन्मतारीख बघून निवृत्तीचं वर्ष काढायचे आणि शेवटच्या हप्त्याचं वर्ष त्याच्या शेजारी पेन्सिलने लिहायचे. दोन वर्षांमधलं अंतर बघून काही बाप फॉर्म घेऊन घरी जायचे, विचार करतो म्हणायचे. ते मला बरं वाटायचं.

आणि हा हप्ता रुपयातल्या पगारातून फिटत नाही. अमेरिकेत नोकरी मिळेल, डॉलरमध्ये पगार मिळेल, या गृहीतावर तो उभा असतो. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, एक वर्ष काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत आणखी दोन वर्षं. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. अमेरिकेतच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही असा खुलासा पुढे आला, पण मधल्या काळात कर्ज घेऊन बसलेल्या घरांची झोप उडाली होती. त्याच वर्षी मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं काही आठवडे थांबलं होतं, तेव्हाही तेच. आपल्या घराची किल्ली दुसऱ्या देशाच्या धोरणाशी बांधायची का, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा. काहींचं उत्तर ‘हो’ असेल. विचारून ‘हो’ म्हटलं असेल तर माझी तक्रार नाही.

काळा घोड्यावरून जाताना एल्फिन्स्टन कॉलेजच्या दगडी इमारतीकडे बघितलं की मला हमखास बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीची आठवण होते. तिथून ते १९१२ मध्ये बी.ए. झाले. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात करार होता, परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धं टाकून त्यांना परतावं लागलं. एवढा मोठा विद्वान, पण पैशाची मुदत संपली की बोटीने परत. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्यांची बुद्धी आपण सगळेच आठवतो. मला त्यांनी प्रत्येक वेळी पैसा कुठून, किती आणि कोणत्या अटीवर येतोय हे नीट माहीत असूनही शिक्षण सोडलं नाही, याचं जास्त मोल वाटतं.

मुंबईत परदेशी शिक्षणाला पैसे देण्याची परंपरा जुनी आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डोमेंट आजही फोर्टमधून कर्जरूपाने शिष्यवृत्त्या देते. के. सी. महिंद्रा ट्रस्ट, नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी कर्ज देतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पण हे जवळजवळ सगळं पदव्युत्तर शिक्षणासाठी. बारावीनंतर थेट बाहेर जाणाऱ्याला देशातून मदत फार थोडी. त्यातल्या त्यात कॉर्नेलमध्ये टाटांच्या ट्रस्टने २००८ मध्ये दिलेल्या अडीच कोटी डॉलरांच्या ठेवीतून भारतीय पदवी विद्यार्थ्यांसाठी खास शिष्यवृत्ती आहे. तिच्यावर एका वेळी वीसेक मुलं शिकतात. जर्मनीचं नाव बरेच जण काढतात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे खरं. पण व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात, आणि नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही.

पुन्हा भाचीकडे येते. अर्ली डिसिजनने अर्ज करायचा का, यावर घरात दोन आठवडे वाद झाला. त्यात मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असं लिहून द्यावं लागतं. मदत पुरेशी नसेल तर त्यातून सुटता येतं, तशी तरतूद आहे. तरी दुसऱ्या कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून बघण्याची संधी जाते. ज्या घराला मदतीवरच सगळं ठरवायचं आहे त्याने ही संधी सोडू नये असं माझं मत पडलं. भाचीने सगळे अर्ज जानेवारीच्या मुदतीला केले. ‘विशेष परिस्थिती’ नावाच्या चौकटीत तिने खेतवाडीच्या त्या खोलीचा सगळा इतिहास लिहिला. पणजोबा, पागडी, बिल्डर, बोरिवली. या घराची किंमत आम्ही कमावलेली नाही आणि ते विकलं तर आम्हाला राहायला जागा नाही, असं शेवटचं वाक्य होतं.

मार्चच्या शेवटी निकाल आले. नीड-ब्लाइंड सगळ्यांनी नकार दिला. तिथे शंभरातले मोजकेच आत जातात, आपल्याकडून गेलेल्यांत तर त्याहून कमी. एका छोट्या पण फार चांगल्या कॉलेजने प्रवेश दिला. मदतही मोठी, खर्चाच्या चार पंचमांशाहून जास्त. कुटुंबाने द्यायचे वर्षाला १६ हजार डॉलर. ‘तुमची पूर्ण गरज आम्ही भागवली आहे’, असं पत्रात होतं, आणि त्यांच्या हिशेबाने ते खोटं नव्हतं, कारण त्या हिशेबात दोन कोटींचं घर होतं. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन राहतं घर धरत नाहीत. हे कॉलेज धरत होतं. गरज किती हे प्रत्येक कॉलेज आपापल्या सूत्राने काढतं, त्यामुळे एकाच कुटुंबाला दोन कॉलेजांकडून दोन वेगळे आकडे येऊ शकतात. आम्ही फेरविचाराचं पत्र पाठवलं, सोबत आजीच्या औषधांची बिलं आणि सोसायटीचं पत्र. त्यांनी सौजन्याने उत्तर दिलं आणि दोन हजार डॉलर कमी केले. चौदा हजार. म्हणजे साडेबारा लाख, वर्षाला. कॅम्पसवर आठवड्याला काही तास काम करून जे मिळतं ते त्यांनी आधीच धरलेलं होतं.

त्या रात्री मेव्हण्यांनी घराचे कागद काढले. त्यांना द्यायचं होतं. बाप म्हणून त्यांना द्यायचंच होतं, आणि ते बघून मला भरून आलं. भाचीने वही आणली, ऑगस्टचं पान उघडलं आणि म्हणाली, “बाबा, आपण सहा ठरवलं होतं. साडेबारा म्हणजे दुप्पट. धाकट्याचं काय करणार आपण?” तिच्या आवाजात चिडचिड नव्हती. तिला ते कॉलेज मनापासून हवं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. १ मेच्या आत तिने नकार कळवला, चार ओळींत, आभार मानून. नंतर दोन-तीन दिवस ती माझ्याकडे येऊन राहिली. फार बोललो नाही आम्ही.

या सगळ्याबरोबर ती नेस्टची, म्हणजे देशातल्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत होतीच. जूनमध्ये परीक्षा दिली, आणि आता कलिन्याला मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाच्या सीईबीएस या विज्ञान केंद्रात पाच वर्षांचा एम.एस्सी. करते आहे. टीआयएफआर आणि बीएआरसीचे शास्त्रज्ञ तिथे शिकवायला येतात, वर शिष्यवृत्ती मिळते. पुढे पीएचडीला बाहेर जायचं तिच्या मनात आहे. पीएचडीचं गणित पूर्ण वेगळं असतं. विज्ञानात अमेरिकेतली चांगली विद्यापीठं पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा पगार देतात. घराची किंमत कुणी विचारत नाही. ती आत्तापासून कोणत्या प्रयोगशाळेत काय चाललंय ते वाचत असते.

यंदा आमच्याच इमारतीतल्या एका मुलाचं सुरू झालंय. अकरावीत आहे, खगोलशास्त्राचं वेड आहे, वडील बेस्टमध्ये. त्यांना रविवारी घरी बोलावलंय. फोनवर विचारत होते, काय काय आणू? मी सांगितलं, पगाराच्या स्लिपा, मागच्या दोन वर्षांचे रिटर्न, पीएफचं स्टेटमेंट, घराचे कागद, कुणाचे काही देणे असतील तर तेही. मग थोडं थांबून म्हणाले, “आणि पोराला त्या वेळी क्लासला पाठवतो, म्हणजे आपल्याला मोकळेपणाने बोलता येईल.” मी म्हटलं, क्लास बुडू दे त्या दिवशी. त्याला घेऊनच या.